चार झाकणांची फळी
कपडे धुण्याच्या पावडरचा वास आला की मला सानगडीचा गुरांचा बाजार आठवतो. तिथल्या एका व्यापाऱ्याने माझ्या आईला गाय विकली होती. धार काढून दाखवताना त्याने प्रत्येक सडाची पहिली धार मातीत सोडली. "पयली धार धरतीमायची असते, बाई," असं तो म्हणाला आणि आईने हात जोडले. दुधातल्या गाठी त्याच धारेबरोबर मातीत गेल्या होत्या. आठवड्याभरात गायीला दगडी झाली, कास सुजून टणक झाली आणि दोन सड कायमचे आटले. मग मी बरणीची चार झाकणं एका फळीवर ठोकली, सडागणिक एक, आणि त्यांत कपड्यांच्या पावडरचं पाणी घालून गावातल्या गायींच्या दुधावर महिनाभर प्रयोग केले. चांगलं दूध पातळ राहायचं, रोगी दूध शेंबडासारखं घट्ट व्हायचं. नंतर एका भरल्या बाजारात तो व्यापारी नव्या गायीची पहिली धार सोडणार, तोच मी पावडरचं पाणी घातलेली फळी खाली धरली. "हे काय करून राह्यला बे?" तो ओरडला. मी चारही सडांची धार झाकणांत घेतली आणि फळी गोल फिरवली. चौथ्या झाकणातलं दूध लोळा होऊन लोंबू लागलं. "धरतीमायले हे कायले पाजून राह्यले, काका?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. गिऱ्हाइकं हसत पांगली, आणि ते हसू मला अजून गोड लागतं. आज ती फळी गावभर फिरते. लोक म्हणतात, पोराने गायींच्या मायेपोटी केली. पण त्या दिवशी तो व्यापारी जिला ओढत घेऊन गेला, त्या गायीला औषध मिळालं का, हे मी कधी विचारलंही नाही.