न वाचता केलेली सही

मी मुळात भित्रा. इथे अमेरिकेत, आमच्या पार्सिपनी गावच्या रस्त्यावर मागे पोलिसांची गाडी दिसली, तरी माझ्या हातांना घाम सुटतो. अशा माणसाला ग्रँड ज्युरीपुढे साक्षीला बोलावलं. खटला भरायचा की नाही, हे ठरवणारी ही साधी नागरिक मंडळी.

प्रकरण काकांचं. काका म्हणजे मला पुण्याहून इथे नोकरीवर आणणारे कंपनीचे मालक. सुरुवातीचा महिना मी त्यांच्याच घरी राहिलो, काकूंच्या हातचं जेवलो. एका रविवारी जेवणं आटोपल्यावर काकांनी व्हिसाचे कागद पुढे सरकवले. "इथे सही कर, बाळा." मी केली. ज्यांच्या घरी जेवलो, त्यांच्यासमोर कागद वाचत बसणं मला उद्धटपणाचं वाटलं. मी ज्या क्लायंटकडे काम करणार असं त्यात लिहिलं होतं, तो क्लायंट मुळात कुठे नव्हताच.

पहिल्या वेळी वकिलाने पढवल्याप्रमाणे मी सांगितलं, की उत्तर दिलं तर मीच अडकेन, म्हणून देणार नाही. काकाही वाचले, मीही. मग सरकारी वकिलाने मला इम्युनिटी मिळवून दिली. मी मूर्ख, पेढे वाटायच्या बेतात होतो! माझ्या वकिलाने समजावलं: आता तुझं बोलणं तुझ्याविरुद्ध वापरता येणार नाही, त्यामुळे गप्प बसायचा हक्कही संपला. जज्जचा हुकूम आहे. तोंड उघडलं नाहीस तर कोर्टाचा अवमान, आणि उघडेपर्यंत जेल.

त्या सकाळी कोर्टाच्या पार्किंगमध्ये मी घड्याळ आणि अंगठी काढून बायकोकडे दिली. जेलमध्ये काढूनच घेतात म्हणे.

"सांगून टाक ना रे. मी इथे एकटी काय करू?"

"काकूंना काय तोंड दाखवू?"

तिने घड्याळ आणि अंगठी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली.

आत वकिलाला येऊ देत नाहीत. वीसेक अनोळखी चेहरे, आणि मी. माझ्या सहीचा कागद समोर ठेवला गेला. वाचला होता का? नाही. मग सही का केली? हे त्यांना कसं समजावणार होतो मी! सही कुणी करायला सांगितली?

खाल्ल्या मिठाला जागायचं, असं रात्रभर घोकलं होतं. पाच सेकंदही टिकलो नाही. काकांचं नाव घेतलं, तेही आडनावासकट, स्पष्ट उच्चारात.

बाहेर आलो. बायकोने काही न विचारता माझ्या बोटात अंगठी घातली. गाडी सुरू करताना म्हणाली, "काकूंना एक फोन करूया का?"

"वकिलाने मनाई केलीय," मी म्हणालो.

मनाई खरीच होती. पण ती आहे, याचं मला त्या क्षणी जे बरं वाटलं, त्याची लाज अजून जात नाही.