एलमिना मावशीचं घर आणि पुतळ्याचा समुद्र

आमच्या बेटाचे पुढारी गिटन्स साहेब वारले आणि त्यांची खरी भरभराट सुरू झाली. रस्ता त्यांच्या नावाचा, शाळा त्यांच्या नावाची, परवा तर कचऱ्याच्या गाडीवरही त्यांचंच नाव. एक पुतळा तेवढा राहिला होता.

चौथरा बांधला एलमिना मावशीच्या घरामागं. मग सरकारला साक्षात्कार झाला, की पुतळ्याला समुद्र दिसायला हवा आणि मध्ये हिचं घर!

मावशीचं वय एक्क्याऐंशी, जीभ अठराची. जन्मभर लोकांचे कपडे धुतले. घर लाकडी, खाली नुसते दगड रचलेले. जमीन उसाच्या मळेवाल्याची असायची ना पूर्वी. त्याची मर्जी फिरली की शनिवारी घर खोलायचं, फळ्या गाडीवर लादायच्या आणि चालू पडायचं. लहानपणी तीनदा तिचं घर असं हललं. तिसऱ्यांदा गुन्हा काय, तर बाप गिटन्स साहेबांच्या सभेला गेला!

पुढं साहेब निवडून आले, जमिनी आमच्या नावावर केल्या. मावशीच्याच पायरीवर उभं राहून म्हणाले, "यापुढे इथून गरिबाचं घर कुणी हलवणार नाही." तेव्हापासून बाईनं दुसऱ्या कुणाला मत दिलं असेल तर शपथ. आता तेच वाक्य चौथऱ्यावर संगमरवरात सोनेरी अक्षरांनी कोरलंय. साहेबांचे वारस वाक्यं कोरण्यात भारी हुशार.

मंत्री डेन्झिल स्वतः आला. "मावशी, राष्ट्राचा प्रश्न आहे. रविवारी पुतळा बसवायचाय, त्याच्या आत घर हलवायचं."

"मेल्या, तुझ्या चड्ड्या मी धुतल्यात. मला राष्ट्र शिकवतोस होय?"

पण हुकूम तो हुकूम. मी सुतार, म्हणून मावशी माझ्याकडं आली. "एव्हरली, शनिवारी हातोडी घेऊन ये. चार माणसंही आण. जेवण आणि रम माझ्याकडं."

"असं निमूट हलणार तू?" मी चिडलोच. मला खरंच रडू येत होतं.

"गप रे. घर हलवायला काय आज शिकतेय मी?"

शनिवारी आम्ही फळी न् फळी खोलली. मावशी भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन बसली होती. लहानपणी प्रत्येक वेळी तिला हेच काम असायचं म्हणे. मला तिच्याकडं बघवेना. गाडी भरली तसं विचारलं, "कुठं न्यायचं?"

तिनं हनुवटीनं चौथरा दाखवला.

रविवारी चर्च सुटल्यावर डेन्झिल बँड घेऊन आला. चौथऱ्यावर घर, खिडकीला पडदे, आत मासे तळण्याचा वास!

"हे काय? आत्ताच्या आत्ता हलवा हे!" डेन्झिल किंचाळला.

मावशी उलथनं घेऊन दारात आली. "डेन्झिल, पायाशी काय लिहिलंय रे? मोठ्यानं वाच बाबा, मला हल्ली दिसत नाही."

अख्खी आळी ऐकत होती. त्यानं बँडकडं तोंड फिरवलं. मग आम्हीच वाचून दाखवलं, सगळ्यांनी मिळून, दोनदा.

बोटीतून उतरवलेला पुतळा अजून बंदराच्या धक्क्यावर आडवा पडलाय. तिथून समुद्र छान दिसतो.