ताईंवर किती विश्वास?

सुलभाताई बायकांच्या मनातला विश्वास चहावरून मोजायच्या. "साखर सढळ पडली, की समजायचं बाई मोकळी झाली," असं त्या आम्हा नव्या कार्यकर्त्यांना सांगत. नेकनूरच्या आसपासच्या गावांत आमची संस्था बायकांच्या दूध सोसायट्या उभ्या करत होती. ताई सगळ्यांत जुन्या. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. गावात शिरल्या की दारादारातून हाका यायच्या.

दुष्काळात सोसायटीने चारा डेपो उघडला. त्याच सुमारास संस्थेने ठरवलं, की कार्यकर्त्यांवर बायकांचा किती विश्वास आहे ते एकदा त्यांनाच विचारायचं. ताई म्हणाल्या, "कुणी परकं माणूस विचारू दे. माझ्यासमोर सगळ्या गोडच बोलतील." शहरातून एक मुलगी आली आणि कुणाचंही नाव न लिहिता उत्तरं घेऊन गेली.

बैठकीत ती उत्तरं वाचली गेली. बहुतेकींनी ताईंचं तोंडभरून कौतुक केलं होतं. एक उत्तर मात्र वेगळं होतं. "ताई चांगल्या हायत. पर डेपोवर समद्यांम्होरं मला चोर म्हनल्या. तवापासून त्या असल्या की मी चाऱ्याला जात न्हाई. जनावरं उपाशी ऱ्हातात."

ताईंचा चेहरा उतरला. नाव नसलं तरी उत्तर काशीबाईचं, हे त्यांनी ओळखलं. काशीबाईने एकच म्हैस असताना दोन म्हशींचा चारा मागितला होता, म्हणून त्या ओरडल्या होत्या. दुसरी म्हैस शेजारच्या जनाबाईची. ती म्हातारी अंथरुणाला खिळलेली. हे ताईंना मागाहून कळलं होतं, पण काशीबाईशी बोलायचं त्या टाळत आल्या होत्या.

बैठक संपताच त्या काशीबाईकडे निघाल्या. मीही सोबत होते. ताईंना दारात पाहून काशीबाई घाबरीघुबरी झाली. "मी काई बोलले न्हाई, ताई. चारा बंद करू नका."

ताई उंबऱ्यावरच बसल्या. "उद्या डेपोवर ये," एवढंच सांगून त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी डेपोवर सगळ्यांसमोर त्यांनी काशीबाईची माफी मागितली. काशीबाई हसली नाही. म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या. जनाबाईला सांगा. तिच्या म्हशीपायी मला बोल लागला म्हनून लई रडली ती. लेकीनं दिंद्रुडला नेलंय तिला."

ताई एकट्याच दिंद्रुडला जाऊन आल्या. आल्यावर मान खाली घालूनच म्हणाल्या, "म्हातारी मलाच हात जोडत होती गं. 'एवढ्या लांब आलात बाई, लई उपकार झाले,' म्हणाली. माफी मागायला गेले, आणि तिथंही उपकारच करून आले."