फिलोमिनाबाईंचा दीड महिना

काउंटरवर कुणी रिव्हॉल्व्हर ठेवलं की फिलोमिनाबाई आधी त्या माणसाला दोन पावलं मागे सरायला सांगत. मग चष्मा लावून, नळी भिंतीकडे करून चकरी उघडत आणि आतलं एकेक घर करंगळीने चाचपून बघत. समोर फौजदार उभा असला तरी त्यात बदल नाही. "रिकामं आहे हो बाई," असं कुणी म्हणालं तर मान वर न करता म्हणत, "रिकामं हाय असं सगळेच सांगतात."

अंधेरी पश्चिमेला, स्टेशनकडून बाजाराकडे जाणाऱ्या गल्लीत त्यांचं बंदुकांचं दुकान होतं आणि त्याला लागून माझं टायपिंगचं. फुलाफुलांचा फ्रॉक, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, पायात रबरी चपला. नवीन गिऱ्हाईक आत यायचं आणि विचारायचं, "शेठ कुठे आहेत?" बाई म्हणायच्या, "बांद्र्याच्या कबरस्तानात. काय काम हाय?"

त्यांचं माहेर मरोळ गावठाणातलं, ख्रिस्ती शेतकऱ्याचं. दुकान नवऱ्याचं. तो गेल्यावर बाई ते विकून टाकतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला. "लोकांच्या बायका शिलाई मशीन घेऊन बसतात, मी हे घेऊन बसली, एवढंच," असं त्या म्हणत.

धंदा मुख्यतः जुन्या हत्यारांचा. एका परवानेवाल्याला रिव्हॉल्व्हर विकायचं असे, दुसऱ्याला घ्यायचं असे, आणि व्यवहार बाईंच्या हातून होई. विकणारा हत्यार त्यांच्या तिजोरीत ठेवायचा. दोघांचे परवाने तपासले जायचे. मग मी पोलीस ठाण्याला द्यायचं पत्र टाइप करायची, की अमुक गृहस्थ आपलं हत्यार अमुक गृहस्थांना विकू इच्छितात. पूर्वी एवढ्यावर काम लवकर उरकायचं. पण गिरणी संपाच्या सुमाराला कायदा बदलला. पत्र दिल्यावर दीड महिना गेल्याशिवाय हत्यार नव्या मालकाच्या हाती द्यायचं नाही, असं ठरलं. गिऱ्हाइकं वैतागली. ओळखी सांगायची, आवाज चढवायची. बाईंना मात्र हा नियम मनापासून आवडला होता. "घाई हाय तर बाजूला भाजीबाजार हाय, भाजी घ्या," म्हणायच्या. मला म्हणाल्या, "सुमन, दीड महिन्यात माणसाचा राग उतरतो. भांडण मिटतं. चांगला कायदा केला बघ."

रेगे नावाचे गृहस्थ आले ते याच काळात. गोरेगावला राहणारे. परळकडच्या एका गिरणीत सुरक्षा अधिकारी होते. गिरणी बंद पडली आणि ते घरी बसले. कांदिवलीचा एक सराफ त्यांचं रिव्हॉल्व्हर घ्यायला तयार होता. सगळं रीतसर झालं. हत्यार आणि काडतुसं तिजोरीत गेली, पत्र ठाण्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी रेग्यांची बायको एकटीच आली. किडकिडीत, नीटस बाई. बसल्या नाहीत.

"ते लगेच नाही का होणार?" त्यांनी विचारलं. "सराफ आजही न्यायला तयार आहेत."

"कायदा हाय बाई. दीड महिना थांबावं लागतं."

"हे रात्रीचे झोपत नाहीत. कुणाशी बोलत नाहीत. मीच मागे लागून विकायला लावलं. एकदा ते दुसऱ्याच्या नावावर झालं की मी सुटले."

फिलोमिनाबाईंनी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि तिजोरीकडे बोट दाखवलं. "तिथे हाय. तुमच्या घरात नाय. तुम्ही निवांत राहा."

रेगेबाई चहा पिऊन गेल्या. जाताना त्यांनी बाईंचा हात हातात धरला होता.

महिनाभराने रेगे आले. दाढी केलेली, कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर हसू. मी एका पत्रावर बाईंची सही घ्यायला त्यांच्याकडे गेले होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोर झालं. रेगे म्हणाले, विकायचा विचार बदलला. सुरक्षेची नवी नोकरी मिळतेय, हत्यार लागेल.

"तुमच्या बाईंना माहीत हाय?" फिलोमिनाबाईंनी विचारलं.

रेगे हसले. "परवाना माझ्या नावावर आहे की तिच्या?"

बाईंनी परवाना पाहिला, पावती पाहिली. दोन्हींत खोट नव्हती. मग त्यांनी पोलीस ठाण्यात फोन लावला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आलं. "परवाना चालू आहे ना? हत्यार त्याचंच आहे ना? मग देऊन टाका. विकत घेणाऱ्याने थांबायचं असतं मॅडम, मालकाने नाही."

त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "काडतुसं राहू दे. सोमवारी न्या."

"पावतीवर काडतुसंही आहेत," रेगे शांतपणे म्हणाले.

बाईंनी तिजोरी उघडली.

रेगे नोकरीवर कधीच गेले नाहीत. त्याच आठवड्यात, बायको देवळात गेलेली असताना, त्यांनी स्वतःला संपवलं.

पोलीस चौकशीला दुकानात आले. पत्र, पावती, सही, सगळं जागच्या जागी. अधिकारी खूश झाला. "मॅडम, सगळे दुकानदार तुमच्यासारखे नियमाने चालले तर आमचं काम किती सोपं होईल," म्हणाला. तो गेल्यावर बाईंनी शटर खाली ओढलं. इतकी वर्षं शेजारी राहून भरदिवसा ते शटर खाली गेलेलं मी प्रथमच पाहत होते.

पुढच्या रविवारी चर्च आटोपून त्या मला घेऊन गोरेगावला गेल्या. रेगेबाईंनी दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "मला थांबायला लावलंत ना दीड महिना? मग त्यांना का नाही थांबवलंत?" आणि दार लावून घेतलं. आम्ही जिना उतरलो. रिक्षात बाई एवढंच बोलल्या, "बरोबर विचारलं तिनं."

तेव्हापासून फिलोमिनाबाईंनी स्वतःचा एक कायदा केला. हत्यार ठेवून गेलेला मालक विचार बदलून परत मागायला आला की त्यालाही थांबावं लागे. सरळ नाही म्हणत नसत. कधी तिजोरीची किल्ली भावाकडे गोरईला राहिलेली असे, कधी कुलूप बिघडलेलं असे. मी म्हटलं, "बाई, हे अंगाशी येईल." तर म्हणाल्या, "तू पत्रं टाइप कर गं. अंगाचं माझं मी बघते."

आलंच अंगाशी. एक कंत्राटदार होता. त्याचं आणि धाकट्या भावाचं धंद्यावरून फाटलेलं. एका दुपारी तो घामाघूम होऊन आला आणि विकायला ठेवलेलं रिव्हॉल्व्हर आत्ताच्या आत्ता पाहिजे म्हणाला. डोळे लाल.

"आज नाय मिळणार," बाई म्हणाल्या. किल्लीची सबब सांगितली नाही.

"माझी चीज आहे! तू कोण नाही म्हणणारी?"

"मी दुकानवाली. घरी जा, जेव, झोप. मग बघू."

त्याने काउंटरवर इतक्या जोरात मूठ आपटली की काचेला तडा गेला. अख्खी गल्ली जमा झाली. बाई तिजोरीला पाठ लावून स्टुलावर बसून राहिल्या. दोन दिवसांनी तो पोलीस घेऊन आला, तरी त्यांनी किल्ली दिली नाही. शेवटी वरून लेखी हुकूम आला तेव्हा दिली. तोवर आठवडा उलटला होता.

बाईंच्या परवान्याचं प्रकरण सुनावणीला गेलं. कंत्राटदार धाकट्या भावाला सोबत घेऊन आला होता. दोघांचा समेट झालेला. त्याने त्या हत्याराला पुढे हातही लावला नाही, दुसऱ्या दुकानातून विकून मोकळा झाला. अधिकाऱ्याने बाईंना विचारलं, "तुम्ही यांचं हत्यार अडवलंत ते कशाच्या आधारावर? यांच्या हातून झालं तरी काय?"

"काय झालं नाय," बाई म्हणाल्या. "जे झालंच नाय, त्याचा दाखला मी कुठून आणू साहेब?"

परवाना रद्द झाला.

वर अपील करता येत होतं. वकिलाने मसुदा करून दिला आणि तो टाइप करायला माझ्याकडे आला. त्यात त्याने रेग्यांचा विषय घातला होता: याच परवानाधारक महिलेने पूर्वी अशाच प्रसंगी कायद्याचं तंतोतंत पालन करून हत्यार मालकास परत केलं आणि पोलिसांनीही तिला निर्दोष ठरवलं. वकील म्हणाला, आपल्या बाजूने दाखवण्यासारखं हेच आहे.

फिलोमिनाबाई माझ्या बाकावर बसून मी वाचत होते ते ऐकत होत्या. तिथे आल्यावर त्यांनी हात वर केला.

"हे काढ."

"बाई, हे काढलं तर अपिलात राहतं काय?"

"नाय राहिलं तर नाय राहू दे. त्या गोष्टीसाठी शाबासकी मागायला मी जाणार नाय. काढ म्हणते ना."

मी काढलं. अपील फेटाळलं गेलं. दुकानाच्या जागी व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी आली. बाई गोरईला भावाकडे राहायला गेल्या आणि दोन पावसाळ्यांनंतर काविळीने वारल्या. गावच्या चर्चमध्ये आम्ही जेमतेम वीसेक माणसं होतो. अंधेरीहून मी एकटी.

त्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी लायब्ररीच्या दाराशी एक बाई घुटमळताना दिसल्या. रेगेबाई होत्या. केस पार पांढरे झालेले. मी त्यांना आत बोलावलं.

"इथलं बंदुकांचं दुकान?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. परवाना कशापायी गेला, बाई कशा गेल्या, सगळं. त्या ऐकत राहिल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मला त्यांना भेटायचं नव्हतंच. का आले, ठाऊक नाही. सगळे मला समजावतात, त्या बाईंनी नियमाप्रमाणे केलं, त्यांचा काही दोष नाही. मला नाही ऐकवत ते."

"त्यांनाही ऐकवत नव्हतं," मी म्हटलं.

रेगेबाई माझ्या बाकावर बसल्या. मी चहा मागवला, पण त्यांनी तो घेतला नाही.