सगळ्या गल्लीचा आजा

दिवाळीत मी आणि माझी जाऊ फटाक्यांचं दुकान लावतो. कुंभार पिंपळगावच्या बाजाराच्या कडेला पत्रे ठोकायचे, परवाना समोर टांगायचा, वाळूच्या बादल्या भरून ठेवायच्या. मागच्या दिवाळीत गल्लीतल्या एका पोरानं डब्याखाली सुतळी बॉम्ब लावला आणि भुवई जाळून घेतली. डोळा वाचला. या वर्षी मी ठरवलं, लहान पोरांच्या हातात काही द्यायचं नाही. सोबत मोठं माणूस हवं.

जाऊ म्हणाली, "समोरचा दुकानवाला देऊन राह्यला ना! गिऱ्हाईक तिकडं जाईल."

"जाऊ द्या."

"धनत्रयोदशीपर्यंत बघू. दुकान ओस पडलं तर तुझा नियम बंद."

मी कबूल झाले.

आमच्याकडे दुकानात पोरांनाच पिटाळतात. तेल असो की तंबाखू, घरच्या मोठ्यांचं नाव सांगितलं की मिळतं. त्यामुळे पाचवीतली एक पोरगी बिनधास्त आली. "काकू, आज्यानं सांगितलंय, दोन डबे सुतळी बॉम्ब द्या."

"मंग आज्यालाच घेऊन ये."

आली घेऊन. पारावर बसणारे आबा. जन्मभर मेंढरं राखली, आता गुडघे धरलेत. डबे घेऊन गेले. थोड्या वेळानं दुसरीच दोन पोरं घेऊन आले. मग आणखी तिसरी टोळी.

"आबा, ही पण नातवंडं तुमचीच?"

"समदी माझीच. बोलवायला येतेत, चहा पाजतेत. काहून न्हाई म्हणू?"

जाऊला हसू आवरेना. "घे, झाला तुझा नियम!"

मला राग आला, पण आबांचं काही चुकलं नव्हतं. मी मोठं माणूस मागितलं होतं, पोरांनी आणलं. नियमच अर्धा होता.

"आबा, बराबर आहे तुमचं. पण ज्यानं घेतलं त्यानंच उडेपर्यंत समोर थांबायचं."

"समद्यांपाशी?"

"समद्यांपाशी."

आबांनी हातातले डबे खाली ठेवले. "मंग हे नको बाई. आवाजानं माझं काळीज हलतं. भुईनळे दे, भुईचक्रं दे. आन् आधी नेलेले पण बदलून दे."

पोरांची तोंडं उतरली, पण आबांशिवाय तेही मिळणार नव्हतं.

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जाऊन बघितलं. आबांनी काठीनं मातीत रेघ मारली होती. एक पोर पुढं येऊन भुईनळा लावायचं, बाकीची रेघेमागं. कुणाचं पाऊल पुढं पडलं की मेंढरं हाकायची तीच आरोळी. पोरांना फटाक्यांपेक्षा त्या आरोळीचीच मजा जास्त.

दुसऱ्या दिवसापासून आबा जिकडं, पोरं तिकडं. आणि आबा आमच्याकडं, कारण समोरचा त्यांना विचारतच नव्हता.

धनत्रयोदशीला मी दुकानावर पोचले तर जाऊनं खुर्ची आधीच बाहेर मांडली होती. नियमाचं तिनं काही काढलं नाही. "आबांचा चहा तू सांग," एवढंच म्हणाली आणि भुईनळ्यांचं नवं खोकं फोडायला घेतलं.