जेवणाच्या टेबलावरचं निदान

अन्याय झाला तो माझ्या आतेभावावर. २०२०च्या ऑगस्टमध्ये, मेलबर्नला रात्रीची संचारबंदी लागली त्याच आठवड्यात, शुक्रवारी दुपारी, ग्लेन वेव्हर्लीतल्या एका घरात, जेवणाच्या टेबलाशी. तेव्हा आम्ही सगळे त्याला माझी आतेबहीण म्हणत होतो, आणि शेजारच्या खुर्चीत त्याचा नवरा बसला होता. इथे मी त्याला आतेभाऊच म्हणणार आहे, कारण तो तेव्हाही तोच होता. कुणाला वाचताना जड जात असेल, तर जाऊ दे जरा जड.

मी त्यांच्याच घरात मागच्या खोलीत राहत होते. सायकॉलॉजीचं दुसरं वर्ष, युनिव्हर्सिटी लॅपटॉपवर आलेली, कॅफेतली नोकरी गेलेली. एरवी स्टेशनबाहेर उभी राहून लोकांच्या हातात संमतीवरची पत्रकं कोंबणारी मी, आता घरापासून पाच किलोमीटरच्या आत कोंबले गेले होते. दिवसातून तासभर फिरायचं आणि उरलेला वेळ तीन माणसांनी एकमेकांचे आवाज ऐकायचे.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. जिजू पुण्याचे, आयटीतले, सभ्य, न सांगता भांडी घासणारे. दोघांत शरीरसंबंध जवळपास नव्हता. सासूबाईंचा पुण्याहून फोन यायचा, "आता तर दोघं दिवसभर घरातच आहात की!" शेवटी जिजूंनी आपल्यातल्याच एका डॉक्टरांना फोन केला. त्यांनी व्हिडिओ कॉलवर भेटणाऱ्या एका सायकॉलॉजिस्ट बाईंकडे पाठवलं. दोघांना. जोडीने. सत्यनारायणाला बसवतात तसं. नवरा बोलणार, बायको हाताला हात लावणार.

त्यात 'बाहेरचं माणूस बघणार', म्हणून आतेभावाला कुर्ता, टिकली, कानातले, वर काढलेलं मंगळसूत्र. एरवी घरात तो जिजूंच्या जुन्या टी-शर्टात असायचा, आरशाकडे पाठ करून केस विंचरायचा. स्क्रीनवरच्या बाईंना यातलं काहीच दिसलं नाही. त्यांना दिसली एक लाजरी भारतीय बायको.

मी स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देत होते. सगळं ऐकू येत होतं.

"आणि तुला कसं वाटतं?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"शी इज अ बिट शाय," जिजू म्हणाले. "आम्हा दोघांनाही वाटतं, हे सुटावं."

"नो वरीज. तुमच्या संस्कृतीत यावर बोलणं अवघड असतं, मला कल्पना आहे."

संस्कृतीचा एवढा मान राखला की तिच्या आत बसलेल्या माणसाला एकटं गाठून एक प्रश्न विचारायचा राहून गेला. निदान झालं: इच्छेचा अभाव, संबंधाच्या वेळी वेदना. उपाय मिळाला: ठरलेल्या दिवशी एकमेकांना स्पर्श करायचा, घाई नाही, हळूहळू पुढे जायचं. हा उपाय खोटा नाही. ज्यांना ती अडचण आहे त्यांना तो मोकळं करतो, आणि त्या अडचणीची लाज बाळगायचं काही कारण नाही. पण आतेभावाला ती अडचण नव्हतीच.

जिजूंनी बुधवारची संध्याकाळ ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये टाकली. प्रामाणिक माणूस, काम दिलं की करणारा. बुधवार उजाडला की घर आवळायला लागायचं. आतेभाऊ दुपारपासून ओटा पुसत राहायचा. पुसलेलाच पुन्हा. जेवायचा नाही. संध्याकाळी मी कानात हेडफोन घालून बसायचे आणि गाणं लावायचं विसरायचे.

असे काही बुधवार गेले. मग एका गुरुवारी आम्ही दोघं फिरायला बाहेर पडलो.

"ताई, नको असेल तर सरळ नाही म्हण ना. संमती ही—"

"पत्रक वाचू नकोस."

"मी कुठे वाचतेय?"

"वाचतेयस. तुझा तो स्टेशनबाहेरचा आवाज लागलाय."

मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरली होती. बरंच अंतर चालल्यावर तोच बोलायला लागला.

"त्याचं काही चुकत नाही गं. इतकं विचारून विचारून हात लावतो की रडू येतं. पण तो जिथे हात ठेवतो ना, ते माझं नाहीच. छाती, कंबर, काहीच. कुणीतरी अंगावर चढवून दिलंय, आणि आता तो त्याच्यावर प्रेम करतोय. मी आत आहे. आत एक पुरुष आहे. हे कुणाला सांगू?"

मी चष्मा काढून ओढणीला पुसला.

"घरी म्हणाले, टॉमबॉय आहे, लग्न झालं की जाईल. झालं लग्न. आता म्हणतात, मूल झालं की जाईल." तो हसला. "मग काय, नातवंडं झाली की जाईल का?"

"त्या बाईंना सांग."

"कधी? तो खुर्चीला खुर्ची लावून बसलेला असतो. पुढचा बुधवार मला झेपणार नाही."

"झेपणार नाही म्हणजे?"

"म्हणजे झेपणार नाही."

अशा वेळी आडवळणाने विचारायचं नाही, एवढं मी शिकले होते. "जिवाचं काही बरंवाईट करायचं डोक्यात येतं का?"

"येतं. आज नाही. पण येतं."

दुसऱ्याच दिवशी शुक्रवार होता, बाईंचं पुढचं सेशन. परतीच्या वाटेवर आम्ही एवढंच ठरवलं की तो एकटं बोलायला मागेल आणि मी स्वयंपाकघरातून हलणार नाही.

शुक्रवारी तो टी-शर्ट घालून टेबलाशी आला. गळा मोकळा, कपाळ मोकळं.

"हे काय?" जिजू म्हणाले. "आत्ता लागेल कॉल. जा, बदल पटकन."

"नाही."

"अगं, काय वाटेल त्यांना?"

"वाटू दे."

बाई स्क्रीनवर आल्या. त्याने इंग्रजीत सांगितलं की आज मला एकटं बोलायचंय. बाई थबकल्या. आणि मग त्यांनी परवानगी कुणाला विचारावी? जिजूंना! "आर यू ओके विथ दॅट?"

माझ्या हातातला डाव मी ओट्यावर आपटला. तोंड मात्र बंद ठेवलं, कारण बोलायचं होतं ते त्याला.

"आपण जोडीने बसतो ना," जिजू हलक्या आवाजात मराठीत म्हणाले. "माझ्यापासून काय लपवायचंय तुला?"

तो उठला. लॅपटॉप उचलला, माझा फोन हॉटस्पॉटसाठी मागून घेतला आणि गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसला. दारं आतून लॉक केल्याचा आवाज आम्हा दोघांनाही आला.

जिजूंनी चहा टाकला आणि तो उतू जाईपर्यंत बघत उभे राहिले.

"ती मला सोडून जाणार आहे का?"

"मला नाही माहीत."

"मी एकदाही जबरदस्ती केली नाही. जे सांगितलं तेच केलं."

"जिजू, तुम्ही कायम शेजारी बसणार, तर ती खरं कधी सांगणार?"

"नवरा आहे मी तिचा!"

"म्हणूनच म्हणतेय."

त्यांनी गॅस पुसायला घेतला. मला त्यांची दया आली. राग तरीही तसाच होता.

तो परत आला तेव्हा डोळे सुजले होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं होतं. माझं चुकलं, म्हणाल्या. ते स्पर्शाचे व्यायाम आजपासून बंद, वाईट विचार आला तर कुणाला फोन करायचा ते ठरवलं, आणि लिंगओळखीच्या प्रश्नांवर काम करणाऱ्याकडे पाठवते, पण तिथे मोठी रांग आहे. मग त्याने जिजूंना गॅरेजमध्ये नेलं. बऱ्याच वेळाने जिजूंच्या रडण्याचा आवाज आला. त्याचा नाही.

तो बुधवार आला आणि नुसता बुधवारसारखा गेला.

आपल्यातल्या त्या डॉक्टरांना कळलं तेव्हा ते फोनवर म्हणाले, "लॉकडाऊनमध्ये डोक्यात काहीबाही येतं. एक मूल होऊ द्या." आम्ही डॉक्टर बदलला. रांगेत महिन्यामागून महिने गेले. आता ते दोघं वेगळे राहतात, जिजू अजूनही त्याला फोन करतात, आणि मी त्याला दादा म्हणते.

आमच्या पाठ्यपुस्तकात ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. एकात शरीर साथ देत नाही म्हणून माणूस त्रासतो. दुसऱ्यात हे शरीर आपलं नाही म्हणून. पुरुष असणं हा दादाचा आजार नव्हता, त्या शरीराशी न जुळण्याची घुसमट हा त्रास होता. आणि बाहेरून, शेजारच्या खुर्चीतून, दोन्ही अगदी सारखे दिसतात: कुणीतरी स्पर्शापासून मागे सरकतं. फरक फक्त त्या माणसालाच सांगता येतो, आणि तोही समोर कुणी घरचं नसेल तेव्हाच.

म्हणून तुम्हाला सांगते. हो, तुम्हालाच. तुम्ही डॉक्टर किंवा सायकॉलॉजिस्ट असाल, तर पहिल्याच भेटीत प्रत्येकाला एकटं भेटा, आणि त्यासाठी जोडीदाराची परवानगी मागू नका. तुम्ही नवरा, बायको, आई, सासू असाल, तर तिच्या वतीने, त्याच्या वतीने उत्तर देणं आजपासून थांबवा. पुढचा कॉल लागला की खुर्चीतून उठा, बाहेर जा आणि दार लावून घ्या.