बर्फातली इंदू

अकोल्यात बर्फाच्या लाद्या लागायच्या त्या एक तर लग्नातल्या सरबताला, नाहीतर मुडद्याला. दवाखान्यातली आया सुंदराबाई दुसऱ्या कामात मुरलेली. परगावचा लेक येऊन पोचेपर्यंत मेलेल्या बापाच्या कुशीला लाद्या तिनंच लावायच्या. आणि एकोणीसशे त्रेसष्टच्या वैशाखात डॉक्टरांनी तिला तिच्याच लेकीला, इंदूला, बर्फ लावायला सांगितलं. सांगा, कोणत्या मायचे हात चालतील?

इंदूचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. क्लोरोफॉर्म दिला आणि काळीज थांबलं. डॉक्टरांनी छाती उघडली, काळीज हातानं दाबून दाबून चालू केलं. पण पोर डोळे उघडेना.

"मेंदूला इजा होते, सुंदराबाई. अंग थंड ठेवलं तर तो वाचतो म्हणतात. बाहेरदेशी करून पाहिलंय, मी पहिल्यांदाच करतोय," डॉक्टर म्हणाले.

पोर उठेल, आपल्याला ओळखेल, एवढ्याच आशेवर सुंदराबाईनं लादीवरचा भुसा झटकला आणि बर्फाचे तुकडे इंदूच्या काखेत, मांड्यांशी लावले. रडत रडतच लावले.

तिचा नवरा डोमाजी आला तो चवताळलाच. "पोरगी जित्ती हाये अन् तू तिले मुडद्यावानी ठेवून राहिली?"

"अवो, साहेबानं सांगतलं हाये," ती म्हणाली. पण आवाजात दम नव्हता.

दुपारी डॉक्टर जेवायला गेले. तेवढ्यात इंदूचं अंग थरथरलं, दात वाजू लागले. सुंदराबाईचा जीव भांड्यात पडला. मुडदा कुठं थरथरतो? पोर परत आली होती, आता ऊब द्यायची. ओल्या बाळंतिणीला, तान्ह्या लेकराला द्यायची रीतच होती ती! दोघांनी बर्फ काढून फेकला, घोंगडी लपेटली, तळपायांना शेक दिला. घटकाभरात पोर तापानं फणफणली आणि झटके सुरू झाले.

डॉक्टरांनी परत येऊन पुन्हा बर्फ रचला. पुढं इंदू शुद्धीवर आली, जेवू लागली, चालूही लागली. ओळख मात्र कुणाचीच राहिली नव्हती.

"माह्या शेकानं झालं का, साहेब?" सुंदराबाईनं विचारलं.

"सांगता येत नाही, बाई. काळीज थांबलं तेव्हाच झालं असेल."

ते हो म्हणाले असते तर तिनं सोसलं असतं. हे 'सांगता येत नाही' मात्र तिला आतून पोखरत राहिलं.

इंदूचे केस विंचरताना ती रोज सांगायची, "मले माय म्हन, पोरी."

"बरं, माय," इंदू शहाण्यासारखं म्हणायची. वॉर्डातले सगळे पेशंट सुंदराबाईला मायच म्हणायचे.